तळहातावरची अक्षरे

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील फीडिंग हिल्स या खेड्यात १४ एप्रिल १८६६ रोजी ॲन सलिव्हन हिचा जन्म झाला. पोटासाठी आयर्लंड सोडून आलेले तिचे आईबाप मोलमजुरीवर कसेबसे दिवस काढीत होते. ॲन पाच वर्षांची असताना तिच्या डोळ्यांना खुपऱ्या झाल्या. औषधपाण्यास पैसा नव्हता. रोग बळावत गेला आणि मुलीची दृष्टी अगदी अधू झाली. पुढे तीन वर्षांनी आई क्षयाने वारली. मुलांचा भार झेपेना, तेव्हा बापानेही पाठ फिरविली. १८७६ मध्ये ॲन व तिचा धाकटा भाऊ जिमी यांची रवानगी ट्यूक्सबरी येथील सरकारी आश्रयगृहात झाली.

त्या जागेस आश्रयगृह म्हणणे कठीणच. वृद्ध, रोगी, वेडे, निराधार अशी सारी माणसे तेथे एकत्र कोंबलेली असत. पायाने अधू असलेला जिमी काही महिन्यांतच दगावला. ॲनला आता जगात आपले असे कोणीच उरले नाही. परंतु अंधांसाठीही शाळा असतात ही गोष्ट कधीतरी तिच्या कानी पडली होती, आणि तिने ती मनात घट्ट धरून ठेवली होती. १८८० मध्ये आश्रयगृहाच्या पाहणीसाठी काही अधिकारी आले. त्यांतील प्रमुख कोण हेही तिला नीट दिसत नव्हते. तरी ती त्या घोळक्यात शिरली आणि मला शाळेत जायचे आहे असा तिने आकांत मांडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बोस्टन येथील पर्किन्स अंधशाळेचे दार तिला उघडले.

त्या वेळी ॲन चौदा वर्षांची होती आणि तिला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. बरोबरीच्या मुली हसत. ती संतापून उलट उत्तरे देई. शाळेतून काढून टाकण्यापर्यंत पाळी आली होती, परंतु एकदोन शिक्षिकांनी तिला सांभाळून घेतले. डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या व छापील अक्षरे वाचण्याइतकी दृष्टी तिला परत मिळाली. याच शाळेत लॉरा ब्रिजमन नावाची एक प्रौढ स्त्री राहत असे. ती आंधळी होती, बहिरीही होती. डॉक्टर हाऊ यांनी १८३७ पासून तिला परिश्रमपूर्वक भाषा शिकविली होती. बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर तळहातावर उमटवून तिच्याशी बोलावे लागे. ॲन ती लिपी शिकली. १८८६ मध्ये ती आपल्या वर्गात पहिली आली.

पण पुढे काय? तिला ना घर होते, ना कोणी वाट पाहणारे. इतक्यात अलाबामा राज्यातील टस्कंबिया गावाहून केलर कुटुंबाचे पत्र शाळेत आले. त्यांच्या हेलन या मुलीची दृष्टी व श्रवणशक्ती ती एकोणीस महिन्यांची असताना आजारपणात गेली होती. तिच्यासाठी शिक्षिका हवी होती. ॲनने लॉराविषयी डॉक्टर हाऊ यांनी लिहून ठेवलेली टिपणे महिनोन्‌महिने अभ्यासली आणि ३ मार्च १८८७ रोजी ती टस्कंबियास पोहोचली. तिचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

हेलन सात वर्षांचीही नव्हती. घरात तिचेच राज्य चाले. जेवताना ती प्रत्येकाच्या ताटात हात घाली. मनाविरुद्ध काही झाले की लाथा मारी. नव्या शिक्षिकेचा एक दात तिने पाडला आणि एकदा तर तिला खोलीत कोंडून किल्ली दडवून ठेवली. आईबाप दयेपोटी सारे सहन करीत. सलिव्हनबाईंना मात्र ही दया मुलीच्या वाटेतील धोंड वाटली. त्यांनी हेलनला घेऊन बागेतल्या लहान घरात काही दिवस वेगळे बिऱ्हाड केले. हा उपाय कठोर होता खरा. हेलन शांत झाली, बोटांनी शब्दही काढू लागली; पण तो केवळ खेळ होता. शब्द म्हणजे वस्तूचे नाव, हे तिला उमगले नव्हते. पेला आणि पेल्यातील पाणी यांत तर तिचा सारखा गोंधळ होई.

५ एप्रिलचा तो दिवस. बाईंनी हेलनला हातपंपाखाली पेला धरावयास लावला. पेला भरून थंड पाणी हातावरून वाहू लागले, आणि त्याच क्षणी बाईंनी तिच्या दुसऱ्या तळहातावर पाण्याच्या इंग्रजी नावाची पाच अक्षरे उमटविली. हेलनच्या हातून पेला गळून पडला. ती स्तब्ध उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर निराळेच तेज आले. मग तिने जमिनीला हात लावून तिचे नाव विचारले, पंपाचे विचारले, आणि अखेर बाईंकडे वळून त्यांचेही विचारले. काही तासांतच तिने सुमारे तीस शब्द आत्मसात केले.

यानंतर बाईंनी केले ते अधिक महत्त्वाचे. हेलनच्या नात्यातील एक तान्हे मूल त्या बारकाईने पाहत होत्या. त्याला कोणी धडे देत नव्हते. आजूबाजूची माणसे बोलत, ते ऐके, आणि स्वतः बोलू लागण्यापूर्वीच बरेचसे समजून घेई. मग हेलनलाच ठरावीक वेळी ठरावीक शब्द का घोकवावेत? त्यांनी वेळापत्रक बाजूस सारले व दिवसभर तिच्या तळहातावर पूर्ण वाक्यांत बोलण्यास आरंभ केला. धडे रानात, शेतात, टेनेसी नदीच्या काठी होऊ लागले. ओल्या मातीचे डोंगर व नद्या करून हेलन भूगोल शिकली.

मार्ग निष्कंटक नव्हता. अकरा वर्षांच्या हेलनने लिहिलेली एक गोष्ट दुसऱ्या लेखिकेच्या गोष्टीशी जुळते असे उघडकीस आले; पर्किन्समध्ये चौकशी झाली आणि संशयाचा काटा बाईंकडेही वळला. पुढे १९०० मध्ये हेलन रॅडक्लिफ महाविद्यालयात गेली, तेव्हा बाई रोज तिच्याशेजारी बसून प्राध्यापकांचे व्याख्यान तिच्या हातावर उतरवीत. अंधांच्या लिपीत पुस्तके थोडीच. उरलेली त्या तासन्‌तास वाचून दाखवीत. त्यांचे स्वतःचे डोळे पुन्हा खालावत होते, परंतु वाचन थांबले नाही. १९०४ मध्ये पदवी हेलनला मिळाली; चार वर्षे तोच अभ्यास केलेल्या बाईंना काहीच मिळाले नाही. टेंपल विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली ती १९३२ साली.

अखेरच्या काळात सलिव्हनबाई पूर्ण अंध झाल्या. २० ऑक्टोबर १९३६ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा हात हेलनच्या हातात होता. १९५५ मध्ये हेलन केलर भारतात आल्या. सभोवतालचे सारे बोलणे त्यांच्या तळहातावर उतरविण्याचे काम त्या वेळी पॉली थॉम्सन करीत होत्या.