'एलव्हॅल्यू रिक्वायर्ड' या एररमागचा माणूस : ख्रिस्तोफर स्ट्रेची

'सी' शिकलेल्या प्रत्येकाने ही एरर एकदा तरी पाहिलेली असते. तळेगाव दाभाडे इथं मी डिप्लोमाच्या मुलांना 'सी' शिकवतो. मुलं ओळ बदलतात, एरर जाते, विषय संपतो. पण 'एलव्हॅल्यू' हा शब्द आला कुठून?

मास्तर ते प्रोग्रामर

ख्रिस्तोफर स्ट्रेची यांचा जन्म १९१६ साली लंडनमध्ये झाला. केंब्रिजला शिकून पुढे ते शाळेत मास्तर झाले. प्रोग्रामिंगकडे वळले ते पस्तिशीच्या आसपास, आणि १९५२ पर्यंत त्यांनी कॉम्प्युटरला ड्राफ्ट्स हा पटावरचा खेळ खेळायला लावला.

डबा आणि डब्यातला माल

१९६० च्या दशकात केंब्रिज आणि लंडन विद्यापीठांनी मिळून 'सीपीएल' ही भाषा आखली. स्ट्रेची तिच्या मुख्य रचनाकारांपैकी एक. त्यांचा आग्रह साधा होता: नियम एकच ठेवा, अपवाद नकोत.

व्हेरिएबल म्हणजे डबा समजा. बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडे आपल्याला आतला माल हवा असतो, ती आर-व्हॅल्यू. डावीकडे डबाच हवा असतो, ती एल-व्हॅल्यू. मग उजवीकडे 'अ मोठा असेल तर अ, नाहीतर ब' असं लिहिता येतं, तर डावीकडे का नको? अर्थ सरळ आहे: जो मोठा, त्या डब्यात माल ठेव. सीपीएलमध्ये हे चालायचं.

पुढं काय झालं?

भाषा मोठी, त्या काळची मशीनं लहान. कंपायलर रखडला आणि सीपीएल कधी नीट वापरात आलीच नाही. पण तिला छाटून बीसीपीएल झाली, तिच्यातून बी, आणि बी मधून सी. म्हणजे सीपीएल ही सीची पणजी! छाटताना सोय झाली, पण डावी बाजू आखडली. शब्द राहिला, मोकळीक गेली.

१९६५ पासून स्ट्रेची ऑक्सफर्डला होते. १९७५ मध्ये, अवघ्या ५८ व्या वर्षी ते गेले. त्यांची कल्पना मात्र परत आली. सी++ मध्ये ती डावी बाजू चालते. अँड्रॉइड ॲप्सच्या कॉटलिनमध्ये तर 'इफ'चं उत्तर थेट व्हेरिएबलमध्ये ठेवता येतं. अपवाद कमी, म्हणजे पाठांतरही कमी.

करून बघा

फोनवर ऑनलाइन कंपायलर उघडा. दोन इंट व्हेरिएबल घ्या आणि ही ओळ इंग्रजी अक्षरांत लिहा:

(अ > ब ? अ : ब) = 0;

आधी सीमध्ये चालवा, मग सी++ मध्ये. एकीकडे तीच एरर येईल, दुसरीकडे मोठा आकडा गुपचूप शून्य होईल.