गिरणीत झाडू मारणारा मुलगा : जॉन गॅरंड



शोधकांच्या गोष्टींमध्ये बंदूक बनवणाऱ्याची गोष्ट सांगावी का, याचा मी बराच विचार केला. पण मोबाइलवरच्या गेममुळे आपल्या मुलांना रायफलींची नावं पाठ असतात आणि ती बनवणारी माणसं मात्र माहीत नसतात. म्हणून आज जॉन गॅरंड.

जॉनचा जन्म 1 जानेवारी 1888 रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात एका मोठ्या कुटुंबात झाला. लहानपणीच आई वारली. वडील मुलांना घेऊन अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात आले आणि जॉन कापडगिरणीत झाडू मारू लागला. घरची भाषा फ्रेंच, इंग्रजी तो तिथेच शिकला. यंत्रं कशी चालतात ते बघत बघत तो स्वतः कारागीर झाला. नेमबाजीचाही त्याला नाद होता.

1919 साली ते स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्र कारखान्यात रुजू झाले. तेव्हा सैनिकांकडे बोल्ट रायफल असे. मी कॉलेजला असताना एनसीसीत .22 ची बोल्ट रायफल चालवली आहे. एक गोळी झाडली की हाताने बोल्ट वर उचलायचा, मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर पडली की पुढे ढकलून खाली दाबायचा आणि पुन्हा नेम धरायचा. तेवढ्यात नेम हलतोच! पण ही रायफल साधी, कमी वजनाची आणि चिखलधुळीतही भरवशाची. त्यामुळे सैन्याला ती सोडवत नव्हती.

गॅरंड यांना हाताचं हे काम वाचवायचं होतं. गोळीमागच्या वायूचा थोडा भाग नळीच्या टोकाजवळ वापरायचा, त्याच्या दाबाने एक दांडा मागे जाईल, बोल्ट उघडेल, पुंगळी उडेल आणि स्प्रिंगमुळे परत येताना पुढचं काडतूस आत बसेल. चाप मात्र प्रत्येक गोळीला पुन्हा दाबायचा. हीच सेमी-ऑटोमॅटिक रायफल.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात जवळजवळ पंधरा वर्षं गेली. त्यांची पहिली रचना वेगळ्याच तत्त्वावर होती. काडतुसातली दारू बदलली आणि ती रचना निकामी ठरली. मग त्यांनी वायूवर चालणारी, लहान .276 काडतुसाची हलकी रायफल केली. 1932 मध्ये सेनाप्रमुख मॅकआर्थर यांनी जुनंच .30 काडतूस हवं असा निर्णय दिला, कारण त्याचे साठे पडून होते. पुन्हा सगळं मोठ्या काडतुसाला जुळवायचं! मला या माणसाच्या हुशारीपेक्षा या जागी न चिडण्याचंच जास्त कौतुक वाटतं.

1936 मध्ये एम1 रायफल सैन्याने स्वीकारली. जुन्या स्प्रिंगफील्ड बोल्ट रायफलचं वजन चार किलोच्या आसपास, हिचं सुमारे सव्वाचार. म्हणजे थोडं वजन वाढलंच. पण पाचऐवजी आठ गोळ्या आणि नेम न मोडता. सुरुवातीच्या रायफली अडकायच्या, टीकाही झाली. गॅरंड यांनी वायू घेण्याची जागाच बदलून दोष काढला.

1942 मध्ये ग्वाडलकॅनाल बेटावर अमेरिकन मरीन सैनिक अजून बोल्ट रायफलनेच लढत होते. ऑक्टोबरमध्ये एम1 घेऊन लष्कराची तुकडी आली, तेव्हा दोन्हींतला फरक रणांगणावरच दिसला. आपल्या मराठा पलटणी पुढे इटलीत लढल्या त्या .303 बोल्ट रायफलींवरच. महायुद्ध संपेपर्यंत चाळीस लाखांहून अधिक एम1 तयार झाल्या होत्या.

त्या रायफलींनी किती जीव घेतले, हे मुलं विचारणारच. तो प्रश्न टाळू नका.

गॅरंड यांनी सगळे हक्क सरकारला देऊन टाकले होते, त्यामुळे एका रायफलीमागे एक पैसाही त्यांना मिळाला नाही. त्यांना एक लाख डॉलर द्यावेत असं विधेयक अमेरिकन संसदेत आलं, पण मंजूर झालं नाही. पदकं मिळाली. नोकरीचा पगार घेत ते 1953 पर्यंत त्याच कारखान्यात काम करत राहिले आणि 16 फेब्रुवारी 1974 रोजी स्प्रिंगफील्डमध्येच वारले.