न गंजणाऱ्या पोलादाचा जनक

इंग्लंडमधील शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध असलेले शहर. तेथे १८ फेब्रुवारी १८७१ रोजी हॅरी ब्रेअर्ली यांचा जन्म झाला. वडील पोलाद वितळवणारे कामगार होते आणि घरची गरिबीच होती. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि हॅरी वडिलांच्याच कारखान्यात, ‘थॉमस फर्थ अँड सन्स’मध्ये कामाला लागला. पुढे तेथील रासायनिक प्रयोगशाळेत त्याला बाटल्या धुण्याचे काम मिळाले. ते करता करता त्याने स्वतः वाचून आणि रात्रीच्या वर्गांना जाऊन पोलादाचे रासायनिक विश्लेषण आत्मसात केले. १९०८ मध्ये फर्थ आणि जॉन ब्राऊन या दोन कंपन्यांनी मिळून संशोधनासाठी प्रयोगशाळा काढली, तेव्हा तिचे प्रमुखपद याच माणसाकडे आले.

१९१२ मध्ये ब्रेअर्ली यांच्यासमोर बंदुकांचा प्रश्न आला. गोळीबाराच्या उष्णतेने नळ्या आतून झिजत होत्या. त्यावर उपाय म्हणून त्यांनी पोलादात क्रोमियमचे प्रमाण वाढवून पाहिले. १३ ऑगस्ट १९१३ रोजी ओतलेल्या पोलादात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पोलादाचा तुकडा आधी आम्लाने खरवडावा लागतो. या तुकड्यांवर मात्र आम्लाचा फारसा परिणाम होईना. व्हिनेगर आणि लिंबाच्या रसालाही ते दाद देईनात. बंदुकीचा विचार बाजूला पडला आणि ब्रेअर्ली यांना जेवणाच्या टेबलावरची सुरी दिसू लागली.

या गुणाचे कारण पृष्ठभागावर आहे. पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असले, की हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ, पारदर्शक थर बसतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा आपोआप तयार होतो. साध्या लोखंडावरचा गंज पापुद्र्यांनी सुटत राहतो. हा थर मात्र घट्ट चिकटून राहतो.

पण कंपनीच्या वरिष्ठांना यात रस वाटला नाही. सुऱ्या बनवणाऱ्या कारागिरांना हे पोलाद घडवायला आणि धार लावायला अवघड गेले, आणि न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोधक म्हणून ब्रेअर्लींची थट्टाही झाली. अखेर अर्नेस्ट स्टुअर्ट या सुरी व्यावसायिकाने ते जमवले आणि ‘स्टेनलेस’ हे नावही सुचवले. श्रेय आणि हक्क यांवरून कंपनीशी बिनसल्याने १९१५ मध्ये ब्रेअर्ली बाहेर पडले. ब्रिटनमध्ये या शोधाचे पेटंट घेतलेच गेले नव्हते. अमेरिकेत ते त्यांना १९१६ मध्ये मिळाले.

ब्रेअर्लींचे पोलाद तापवून झटकन थंड केले की कडक होत असे. सुरीला हेच हवे; इमारतीच्या तुळईला मात्र कडकपणापेक्षा लवचीकपणा आणि वेल्डिंगची सोय हवी. कार्बन अगदी कमी ठेवला, की क्रोमियमयुक्त पोलादाची रचना साध्या लोखंडासारखीच राहते. त्याला ‘फेरिटिक’ स्टेनलेस स्टील म्हणतात. घरातल्या नेहमीच्या भांड्यांचे स्टील यापेक्षा निराळे. त्यात १८ टक्के क्रोमियमसोबत ८ टक्क्यांच्या आसपास महागडे निकेल असते. फेरिटिक प्रकारात निकेल जवळजवळ नसते, म्हणून ते स्वस्त पडते आणि त्याची किंमतही निकेलच्या बाजारभावाबरोबर फारशी वरखाली होत नाही. उष्णतेने ते कमी प्रसरण पावते आणि त्याला चुंबक चिकटतो. त्यामुळे चुंबक चिकटला म्हणजे स्टील खोटे, ही समजूत बरोबर नाही.

त्याला मर्यादाही आहेत. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळचे कण मोठे होतात आणि तो भाग ठिसूळ बनतो. जाडी जास्त असेल तर हा धोका वाढतो. म्हणून छपराचे पत्रे, भिंतींची आवरणे, पातळ पत्र्यापासून वळवलेल्या तुळया, बसचे सांगाडे अशा ठिकाणी त्याचा वापर अधिक होतो. सुमारे १२ टक्के क्रोमियमच्या एका प्रकारात घटकांचा तोल साधून वेल्डिंगची ही अडचण बरीच कमी केली आहे. भारतीय रेल्वेच्या कोळसा वाहणाऱ्या वाघिणींमध्ये याच जातीचे पोलाद वापरले जाते. ओला कोळसा साध्या पोलादाला लवकर खातो, तेथे ते टिकते. युरोपच्या बांधकाम संहितेतही फेरिटिक प्रकारांना स्थान मिळाले आहे.

ब्रेअर्लींना १९२० मध्ये पोलाद क्षेत्रातील मानाचे बेसेमर सुवर्णपदक मिळाले. १९४१ मध्ये त्यांनी आपल्या पैशातून शेफील्ड परिसरातील लोकांसाठी एक धर्मादाय न्यास स्थापन केला. १४ जुलै १९४८ रोजी टॉर्की येथे त्यांचे निधन झाले. झिजणाऱ्या नळीवर उपाय शोधताना हाती आलेला न गंजण्याचा गुण त्यांनी वाया जाऊ दिला नाही, आणि आज त्याच गुणावर छपरे आणि वाघिणी वर्षानुवर्षे उभ्या आहेत.