आधी तयारी, मग पाऊल

आपल्या कितीतरी चुका अज्ञानातून नव्हे, तर घाईतून होतात. महात्मा गांधींनाही हे मोठी किंमत मोजून शिकावे लागले.

तसे पाहिले तर गांधीजी अत्यंत काटेकोर. १८८८ मध्ये शिक्षणासाठी लंडनला गेल्यावर ते पै-पैचा हिशेब लिहीत आणि रोज रात्री शिल्लक जुळवूनच झोपत. मात्र पैशांच्या हिशेबातील ही दक्षता १९१९ मध्ये माणसांचा अंदाज घेताना कमी पडली.

त्या वर्षी रौलट कायद्याविरुद्ध त्यांनी देशाला सत्याग्रहाची हाक दिली. ६ एप्रिलला हरताळ झाला. पुढच्या काही दिवसांतच गांधीजींच्या अटकेची बातमी पसरली आणि अहमदाबाद, विरमगाम येथे जमाव हिंसेवर उतरला. माणसे मारली गेली. गांधीजींनी दोष दुसऱ्यावर टाकला नाही. त्यांनी तीन दिवसांचा उपवास केला आणि लोकांची तयारी होण्याआधीच हाक देणे ही आपली हिमालयाएवढी चूक होती, असे नडियाद येथे जाहीरपणे मान्य केले. या कबुलीची थट्टाही झाली. १८ एप्रिलला त्यांनी सत्याग्रह स्थगित केला.

आता १९३० चे गांधीजी पाहा. मिठाच्या सत्याग्रहापूर्वी त्यांनी व्हाइसरॉयना पत्र लिहून आपला बेत आधीच कळवला. सोबत आश्रमातील ७८ निवडक, शिस्तीत तयार झालेले सत्याग्रही घेतले. १२ मार्चला साबरमतीहून निघून सुमारे ३८५ किलोमीटर अंतर ते पायी चालले. वाटेत रोज प्रार्थना, सूतकताई आणि रोजनिशी होती, सोमवारी विश्रांती. दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मीठ उचलले तो दिवसही ६ एप्रिलच होता, ११ वर्षांनंतरचा! या वेळी लाखो लोक कायदेभंगात उतरले. धारासणा येथे तर सत्याग्रहींनी लाठ्या झेलल्या, पण उलट हात उगारला नाही.

वाचकहो, सावकाश जाणे म्हणजे आळस नव्हे. जे करायचे आहे त्यासाठी आपण खरोखर तयार आहोत का, हे तपासून पाहणे म्हणजे सावकाश जाणे. आज एखादे महत्त्वाचे काम हाती घेण्यापूर्वी क्षणभर थांबा, शांतपणे श्वास घ्या आणि हा प्रश्न स्वतःला विचारा. रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचा हिशेबही एकदा जुळवून पाहा.