शुभवार्तेला टाळ-मृदंगाची साथ देणारे रेव्हरंड टिळक

नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या आगगाडीत १८९३च्या सुमारास एका मराठी कवीची एका गोऱ्या सहप्रवाशाशी गाठ पडली. बोलणे सुरू झाले ते संस्कृत काव्यावरून. पाहता पाहता ते धर्मावर आले. निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत कवीच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. त्याचे नावगाव विचारायचे राहूनच गेले. कवी होते नारायण वामन टिळक. भाकीत त्या वेळी विश्वास बसण्याजोगे नव्हते. पण पुस्तक मात्र त्यांनी उघडले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. काव्याची गोडी लागली ती आईकडून. वडील कडक स्वभावाचे होते. आई गेल्यावर मुलाचे मन घरात रमले नाही आणि त्याने नाशिकची वाट धरली. तेथे संस्कृतचा अभ्यास झाला. जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी विवाह झाला. हीच पुढे मराठी वाचकांच्या परिचयाची लक्ष्मीबाई. टिळकांचे पाय मात्र एका जागी ठरत नसत. कधी शिक्षकी, कधी पुराण-प्रवचन, कधी छापखान्यातले काम, असे गावोगाव फिरत ते नागपूरला पोहोचले होते. जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला एकत्र बांधील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना पूर्वीपासून छळत होता. आगगाडीत हाती आलेल्या पुस्तकाचे बी पडले ते अशा नांगरलेल्या जमिनीत.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. चित्पावन कुटुंबावर वीज कोसळावी तसे झाले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन आप्तांच्या आश्रयाला राहिल्या. त्यांतला काही काळ तर त्या पंढरपुरातच होत्या. नवरा जिवंत असून संसार मोडलेला, अशी पाच वर्षे त्यांनी काढली. या धर्मांतराची खरी किंमत कोणी मोजली, असे विचारले तर उत्तर लक्ष्मीबाई हेच द्यावे लागेल. अखेर त्या पतीकडे परतल्या, तेव्हाही सोवळे-ओवळे सांभाळूनच. पुढे त्यांचा स्वतःचाच विचार पालटला आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्यानंतर टिळकांची कर्मभूमी झाली ती अहमदनगर (आताचे अहिल्यानगर). अमेरिकन मराठी मिशनने तेथे १८३१ सालीच ठाणे मांडले होते आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिकही १८४२ साली तेथूनच सुरू झाले होते. टिळक तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवू लागले. १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. जिल्ह्यातील खेडोपाडीच्या मंडळ्यांत बहुसंख्य लोक महार-मांग समाजातून आलेले. ओवी, भजन, तमाशातली लावणी हे त्यांच्या कानावरचे संस्कार. उपासनेत मात्र इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते त्यांना गावी लागत. चालीची लांबी सांभाळता सांभाळता मराठी शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ मोडत आणि अर्थाचाही बळी जाई.

ख्रिस्ती कीर्तन ही काही टिळकांची निर्मिती नव्हे. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी नगरच्या मिशनमध्ये ते आधीच रुजवले होते. टिळकांनी त्यात आपल्या प्रतिभेचे आणि संतवाङ्मयाच्या व्यासंगाचे बळ ओतले. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्ताच्या पायांशी आणून सोडले, अशी त्यांची धारणा होती. ती त्यांनी कधी लपवली नाही. टाळ, मृदंग आणि पेटीच्या साथीने साकी, दिंडी, अभंग आळवीत येशूचे चरित्र आख्यानासारखे मांडायचे, ही पद्धत खेडुताला परकी वाटत नव्हती. देऊळ असो वा चावडी, कीर्तन म्हटले की गाव आपोआप गोळा होतो, हे टिळकांना ठाऊक होते. विलायती बँड जे करू शकला नाही ते टाळांच्या एका जोडीने केले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. टिळकांची कितीतरी पदे मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गायिली जातात.

टिळकांची कविता चर्चच्या भिंतींत मावणारी नव्हती. ‘फुलामुलांचे कवी’ ही त्यांची ओळख धर्माच्या सीमेपलीकडची. १९०७ सालच्या जळगावच्या कविसंमेलनात नावारूपाला आलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, पुढे नगरला टिळकांच्याच घरी राहिले. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाची धुराही टिळकांनी वाहिली.

ख्रिस्त आपला करायचा पण पाश्चात्त्य चालीरीती नाकारायच्या, ही भूमिका मिशनच्या चौकटीत फार काळ बसणे कठीणच होते. १९१७ साली साताऱ्यात असताना त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. दरबाराचा विस्तार पाहण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य तेव्हा अपुरेच होते. टिळकांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. उरलेले साठांहून अधिक अध्याय, ज्यांना टिळकांनीच अक्षरओळख करून दिली होती, त्या लक्ष्मीबाईंनी लिहिले. पतीमागे त्याही कीर्तनाला उभ्या राहत. १९३६ साली त्या गेल्या आणि दोन वर्षांनी, १९३८ साली, ‘ख्रिस्तायन’ ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.