शिकागोचा माळी

येन्स येन्सन हे नाव आपल्या सोसायटीत फारसं कुणी ऐकलेलं नसेल, पण अमेरिकेत बागरचनेचा विषय निघाला की ते हमखास येतं. माणूस मूळचा डेन्मार्कचा. जन्म १८६०चा, घरची चांगली शेती. तो चार वर्षांचा असताना प्रशियाची फौज चालून आली आणि घरचे गोठे-कोठारं त्याच्या डोळ्यांदेखत जळाली. पुढे त्याच प्रशियाच्या सैन्यात सक्तीची नोकरी करावी लागली. लग्नाच्या मुलीवरून घरच्यांशी बिनसलं, तेव्हा १८८४ साली त्याने सरळ अमेरिका गाठली. फ्लोरिडा, आयोवा असं फिरून शेवटी शिकागोच्या सार्वजनिक बागांत मजूर म्हणून लागला.

मजुराचा फोरमन झाला. तेव्हा बागा म्हणजे परदेशी फुलझाडांचे आखीव वाफे. येन्सननेही तेच लावले, आणि झाडं मेली. तिथला उन्हाळा कडक, हिवाळा त्याहून कडक. आपण असतो तर नर्सरीवाल्याला फोन करून तीच रोपं पुन्हा मागवली असती (मागवतोच की दरवर्षी!). हा गडी घोडागाडी घेऊन शहराबाहेरच्या माळावर गेला, तिथली रानफुलं मुळासकट काढून आणली आणि युनियन पार्कच्या एका कोपऱ्यात लावली. साल १८८८. ज्यांना लोक तण म्हणत होते ती झाडं तिथे जगली, आणि लोकांना आवडलीसुद्धा. त्या कोपऱ्याला नाव पडलं ‘अमेरिकन गार्डन’.

सुट्टीच्या दिवशी तो बायकामुलांना घेऊन आगगाडीने माळावर जायचा. कुठलं झाड ओलीत वाढतं, कुठलं कोरड्यात, कुणाच्या सावलीत कोण सुखाने राहतं, हे बघत बसायचा. माझ्या मते त्याची खरी करामत इथेच आहे. त्याने नुसती झाडं आणली नाहीत, त्यांचा शेजारही आणला.

१९०० साली नोकरी गेली. कारण काय, तर बागखात्यातल्या पुढाऱ्यांच्या खाबूगिरीत सामील व्हायला नकार. पाच वर्षांनी कारभार सुधारला तेव्हा त्यालाच पश्चिम शिकागोच्या सगळ्या बागांचा मुख्य म्हणून परत बोलावलं. कोलंबस पार्क हे त्याच्या कामांतलं सर्वांत सुंदर मानतात. सपाट माळावरून वळत जाणाऱ्या नदीसारखं पाणी, थरांच्या दगडांचे धबधबे, आडव्या फांद्यांचे हॉथॉर्न. आणि एक दगडी कट्टा, गोल, बुटका, मधोमध शेकोटी. असे कट्टे त्याने ठिकठिकाणी बांधले. गोल असल्यामुळे तिथे कुणालाच मानाची जागा नाही. आपल्या वार्षिक सभेला असा एक हवा!

पुढे मोटारवाल्या हेन्री फोर्डच्या घराची बाग त्याने केली. तिथे उन्हाळ्यातला मावळता सूर्य नेमका दिसावा म्हणून झाडांमधून लांबच लांब कुरण मोकळं ठेवलं. फोर्डबाईंना मात्र गुलाबाची बाग हवी होती. येन्सनला ते मान्य नव्हतं, संबंध तुटले. माणूस हट्टी होता. देशीचा त्याचा आग्रह कधीकधी झाडांवरून माणसांच्या वंशापर्यंत घसरायचा, ते मला अजिबात पटत नाही.

त्याची झाडांची यादीही आपल्या कामाची नाही. तिकडचा हॉथॉर्न इथे परदेशीच. आपल्याकडे बहावा, पांगारा, कुडा, करंज, अडुळसा. गेटजवळच्या लॉनला आपण मे महिन्यात टँकरचं पाणी पाजतो, त्याचं पुढे काय करायचं हे येत्या सभेत ठरायचंय. माझं मत कुणाला, हे एव्हाना समजलं असेलच.

बायको गेल्यावर, १९३५ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर त्याने विस्कॉन्सिनच्या जंगलात ‘द क्लिअरिंग’ नावाची शाळा काढली. दोन वर्षांत तिथली मुख्य इमारत जळाली. त्याने ती पुन्हा बांधली. शाळा अजून चालू आहे. १९५१ साली तो तिथेच वारला.

त्याच सुमारास स्प्रिंगफील्ड गावी लिंकनच्या स्मरणार्थ त्याने एक बाग आखली. लिंकन ज्या तीन राज्यांत राहिला तिथलीच झाडं लावायची, असा नेम. जागा म्हणजे उघडी शेतजमीन. १९३६च्या नोव्हेंबरमध्ये मुलामुलींनी तिथे ओकची फळं पेरली. ओक मोठा व्हायला एक माणूसजन्म लागतो, आणि येन्सन तेव्हा ७६ वर्षांचा होता. आज तिथे ओकचं रान आहे.