दुष्काळात लाभलेली कृपा

संकट कोसळले म्हणजे ईश्वराने आपणांकडे पाठ फिरविली, असे मानण्याकडे मनुष्याचा स्वाभाविक कल असतो. कुणबी कुळात जन्म घेऊन आपल्या ज्ञातीचे नाव धन्य करणारे श्रीतुकाराममहाराज यांचे चरित्र या समजुतीचा फेरविचार करावयास लावते.

बहुमान्य मतानुसार इ. स. १६०८ मध्ये देहू येथे बोल्होबा व कनकाई यांच्या पोटी महाराजांचा जन्म झाला. घरी महाजनकी, शेती, वाणसौदा व सावकारी असून विठ्ठलाची पूजा वंशपरंपरेने चालत होती. परंतु हे सुख अल्पकाळच टिकले. महाराज ऐन तारुण्यात असतानाच आईबाप निवर्तले. वडील बंधू सावजी पत्नीच्या निधनानंतर विरक्त होऊन तीर्थयात्रेस निघून गेले. पुढे १६३० चा भीषण दुष्काळ आला. व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, लोकांत मान राहिला नाही. प्रथम पत्नी रखुमाई अन्नावाचून गेली, पाठोपाठ पुत्र संतूही गेला.

अशा प्रसंगी एखादा देवाला दूषणे देता. महाराजांनी भामनाथाच्या डोंगरावर एकांत धरिला. तेथून परतल्यावर पूर्वजांचे मोडकळीस आलेले विठ्ठलमंदिर त्यांनी दुरुस्त केले. घरात कर्जखते होती. त्यांपैकी निम्मी धाकटे बंधू कान्होबा यांच्या स्वाधीन करून आपल्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. स्वतः निर्धन असताना दुसऱ्याचे ऋण माफ करणे ही काही सामान्य गोष्ट नव्हे! द्वितीय पत्नी जिजाई हिला त्या त्यागाची झळ जन्मभर सोसावी लागली, हेही विसरता कामा नये.

ज्ञातिबांधवहो, महाराजांवर कृपा झाली म्हणजे काय झाले? गेलेली माणसे परत आली नाहीत, बुडालेला व्यापार पुन्हा उभा राहिला नाही. परंतु स्वतःच्या घरातील भुकेने त्यांना ऋणकोच्या घरातील भूक दिसू लागली. दिवाळे निघाले हे बरेच झाले, असे पुढे त्यांनीच आपल्या अभंगांतून कबूल केले. त्याच दुःखातून स्फुरलेली त्यांची वाणी, १६५० मध्ये त्यांनी इहलोक सोडल्यावरही, शेतकऱ्याच्या झोपडीत आजतागायत गायिली जात आहे.

आपल्यांपैकी ज्या घरांवर आपत्ती कोसळली असेल, त्यांचे दुःख उपदेशाने हलके होणार नाही. त्यांच्या दारी आपण धान्य घेऊन जावे, जमल्यास खतही फाडावे. कृपा पुष्कळदा शेजाऱ्याच्याच पावलांनी येते.